उडत्या चालीचा ठराव

मराठी मध्यमवर्गीय माणसाला गाणं ऐकताना रडू आलं, की तो त्याला दर्जा म्हणतो. पाय हलला, की करमणूक. मान डोलली तर चालते, कारण मान हा तसा विचारी अवयव आहे. बोटांनी मांडीवर ताल धरणंही क्षम्य. त्याला जाणकारी म्हणतात. पण ठेका कमरेच्या खाली उतरला, की माणूस आधी शेजारी कोण बसलंय ते बघतो आणि मग दोन्ही पाय खुर्चीखाली ओढून घेतो.

आमच्या सोसायटीचा कोजागिरीचा कार्यक्रम या निकषावर अतिशय दर्जेदार असतो. पहिलं गाणं प्रियकर गेल्याचं, दुसरं आई गेल्याचं, तिसरं आयुष्यच गेल्याचं. मग मसाला दूध. दुधानंतर पैलतीर. निवेदक मी. माझ्या निवेदनात ‘आर्त’ हा शब्द दर दोन वाक्यांना येतो आणि ‘काळजाला घरं पडतात’ हे मी इतक्या वेळा म्हटलंय, की त्या घरांची एव्हाना वेगळी सोसायटी रजिस्टर व्हायला हवी होती. मागच्या कोजागिरीला बी विंगमधल्या आजींनी माझं निवेदन चालू असतानाच न्यू जर्सीला मुलाला फोन लावला आणि विचारलं, “आहेस ना रे तू?” तो ऑफिसच्या मीटिंगमध्ये होता. “आहे,” म्हणाला. आजी त्यावरही रडल्या.

म्हणून या वर्षी सेक्रेटरींनी फर्मान काढलं, “यंदा फक्त आनंदी गाणी. कुणी गेलेलं, जाणारं किंवा वाट बघणारं चालणार नाही.”

सांस्कृतिक समिती विचारात पडली. बराच वेळ गेला. दोन बालगीतं आणि एक आरती एवढीच यादी झाली. तेवढ्यात ए विंगमधले आजोबा, जे समितीत केवळ चहासाठी येतात असा आमचा समज होता, ते म्हणाले, “कॅबरे ठेवा.”

खजिनदारांनी कप खाली ठेवला. “आजोबा, फॅमिली कार्यक्रम आहे.”

“मग? नाचा म्हणत नाहीये मी. हेलनची गाणी गायची फक्त. ती काय परग्रहावरून आली होती?”

“रंगूनहून,” निवृत्त प्राध्यापक म्हणाले. प्राध्यापकांना निवृत्तीनंतर विद्यार्थी मिळत नाहीत, त्यामुळे समितीच्या बैठका ते सोडत नाहीत. “दुसऱ्या महायुद्धात जपानी ब्रह्मदेशात शिरले, तेव्हा आईबरोबर लहानगी हेलन चालत आसामपर्यंत आली.”

“चालत?”

“चालत.”

“तरीच दम होता,” सेक्रेटरी आदरानं म्हणाले. तिथं पहिली फट पडली. मग प्राध्यापकांनी ती रुंद केली. कॅबरेची सुरुवात १८८१ साली पॅरिसच्या मोंमार्त्रमध्ये रोदोल्फ सालीस नावाच्या माणसाच्या ‘ल शा न्वार’ या जागेत झाली. तिथं कवी येऊन कविता वाचत, चित्रकार वाद घालत, एरिक साती पियानो वाजवी.

“म्हणजे साहित्यिक कार्यक्रमच की!” खजिनदारांचा चेहरा उजळला. “मानधन नसेलच.”

ठराव मंजूर झाला. पत्रकावर ‘कॅबरे’ हा शब्द लहान टायपात आणि ‘कौटुंबिक’ मोठ्या टायपात छापायचं ठरलं.

खरा घोळ गाणी निवडताना झाला. आम्ही एकेक गाणं घेऊन आनंद तपासू लागलो, आणि ऐंशी टक्के कॅबरे आमच्या हातात निर्माल्य झाला. १९५८ च्या ‘हावडा ब्रिज’मधलं मधुबालाचं क्लबातलं गाणं सर्वांना पसंत होतं. ओ. पी. नय्यरांची चाल, आशाबाईंचा आवाज. पण खजिनदार अडले. “त्यात ती सगळ्यांना या, बसा म्हणतेय. आपला कार्यक्रम सभासदांपुरता आहे. दूध पुरणार नाही.”

‘इंतकाम’मधलं लताबाईंचं गाणं निघालं. लताबाईंनी हेलनसाठी गायलेलं, म्हणजे अगदी सोवळ्यातला कॅबरे. पण सिनेमाच्या नावातच सूड. ‘डॉन’मधलं घ्यावं, तर त्यात हेलन आपल्या होणाऱ्या नवऱ्याच्या खुन्याला पोलीस येईपर्यंत अडकवून ठेवण्यासाठी नाचतेय. ‘शोले’त ती नाचत असते तेव्हा जय आणि वीरू बॉम्ब लावत हिंडत असतात. हिंदी सिनेमातला कॅबरे नीट पाहिला तर त्या हॉटेलात आनंदात कुणीच नसतं, हे त्या बैठकीत पहिल्यांदा लक्षात आलं. खलनायक कोपऱ्यात हिरे मोजत असतो. नायक खोट्या मिश्या लावून खरा घामाघूम झालेला असतो. इन्स्पेक्टर दाराशी. नाचणारीला सगळं माहीत असतं आणि सांगायची सोय नसते. खुशीत दिसतात ते फक्त मागच्या टेबलांवरचे एक्स्ट्रा. त्यांच्या ग्लासात रंगीत सरबत असतं आणि हसण्याचे पैसे रोजावर मिळतात.

शेवटी सगळ्यांची मदार ‘कारवाँ’वर आली. १९७१, आर. डी. बर्मन, आशाबाई, हेलन. त्याहून उडतं गाणं भारतात नसावं. प्राध्यापकांनी चष्मा पुसला. “या गाण्यात नायिका प्रियकराची वाट बघतेय. नटूनथटून. भरतमुनींच्या अष्टनायिकांमधली ही वासकसज्जा.”

“भरतमुनींना हेलन ठाऊक होती?” सेक्रेटरींनी विचारलं.

“प्रकार ठाऊक होता.”

“वाट बघणारं चालणार नाही असं ठरलंय,” खजिनदारांनी इतिवृत्त दाखवलं.

तेव्हा आजोबा पहिल्यांदा चिडले. “अहो, ती वाट बघतेय, पण ऐकणाऱ्याला कुठे वाट बघावीशी वाटते? शब्दांत नसतो आनंद. सुरात असतो.”

आता विषय सुरांवर आल्यामुळे पेटीमास्तरांना बोलावणं भाग होतं. मास्तर तळमजल्यावर क्लास घेतात आणि सोसायटीतल्या दोन पिढ्यांना त्यांनी भूपापर्यंत आणून सोडलेलं आहे. त्यांनी पेटी उघडली आणि सांगितलं, “सगळं गंधारावर आहे. गंधार शुद्ध लावा, माणूस हसतो. अर्धा सूर खाली आणून कोमल करा, तोच माणूस हळवा होतो. गोरे लोक यालाच मेजर आणि मायनर म्हणतात.” मग त्यांनी आधी एक वाजवला, मग दुसरा. आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. चेहरे दोन्ही वेळा सारखेच होते.

“शुद्ध गंधाराचा खर्च जास्त असतो का?” खजिनदार.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, “मास्तर, भैरवीत तर रिषभ, गंधार, धैवत, निषाद सगळेच कोमल. आणि ‘श्री ४२०’मध्ये राज कपूर फाटके बूट घालून भैरवीतच मजेत चाललाय.”

मास्तर थोडे थांबले. “तो रस्त्यावर आहे,” म्हणाले. “मैफलीत असता तर रडला असता.” यात तथ्य असावं. मैफलीत भैरवी लागली की आपल्याकडे सगळेच कासावीस होतात. मात्र ते भैरवीमुळे की पार्किंगमधून गाडी लवकर काढायची असते म्हणून, हे सांगणं कठीण.

पण निवेदक या नात्यानं मला अभ्यास करणं प्राप्त होतं. दुःखाचं निवेदन मी झोपेत करू शकतो; आनंदावर माझ्याकडे ‘मस्त’ आणि ‘धमाल’ असे दोनच शब्द होते, आणि ते पत्रकातच खर्च झाले होते. शोधता शोधता मला एक प्रयोग सापडला. टोरोंटोतल्या बॉल्कविल आणि थॉम्पसन या संशोधकांनी हिंदुस्थानी संगीताशी परिचय नसलेल्या पाश्चात्त्य श्रोत्यांना आपले राग ऐकवले आणि विचारलं, यात कोणती भावना आहे? निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाला. लोकांनी आनंद, दुःख आणि क्रोध बरोबर ओळखले. शांत रस मात्र त्यांना नीट ओळखता आला नाही. (आमच्या सोसायटीत राहणाऱ्या कुणालाही तो ओळखता आला नसता.) आनंदी कोणतं वाटलं? ज्याची लय जलद आणि चाल सोपी, ते. दुःखी कोणतं? संथ आणि गुंतागुंतीचं, ते.

हे मी समितीत वाचून दाखवल्यावर मास्तरांना फारच लागलं. गेली तीस वर्षं ते संथ आणि गुंतागुंतीचंच शिकवत होते.

खजिनदारांच्या नातवाने मात्र लगेच प्रयोग केला. त्यानं मागच्या वर्षीचं सगळ्यात आर्त भावगीत फोनवर लावलं आणि वेग दुप्पट केला. ज्या ओळीला आजी हमसून रडल्या होत्या, त्या ओळीला सगळी समिती खिदळली. गाणाऱ्या काकूही समितीत होत्या. त्या हसल्या नाहीत.

जलद लय, सोपी चाल आणि शुद्ध गंधार. सूत्र मिळालं म्हणून आम्ही खूश झालो, आणि त्याच रात्री ते कोसळलं. डी विंगमधल्या एका गाडीला मागे घेताना वाजणारी धून आहे. लय जलद, चाल तीन वर्षांच्या मुलाला येईल इतकी सोपी, गंधार मास्तरांनी कान लावून तपासला, शुद्ध. शास्त्राप्रमाणे आमच्या आवारातलं ते सर्वांत आनंदी संगीत. रात्री साडेअकराला ते वाजतं तेव्हा चारही विंगांच्या खिडक्या उघडतात आणि जे शब्द बाहेर पडतात त्यांत कोणताही गंधार नसतो.

म्हणजे आनंद सुरातही नाही, लयीतही नाही. मग आहे कुठे? निवेदनाचे कागद काढताना मला तो चितळकरांच्या घरी सापडेलसं वाटलं. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र. १९५१ च्या ‘अलबेला’त त्यांनी सगळा देश नाचवला. सोबत ट्रम्पेटला गोव्यातल्या हळदोण्याचा चिक चॉकलेट, म्हणजे आंतोनियो झेवियर वाझ. त्या काळी मुंबईच्या स्टुडिओंतले निम्मे वादक गोव्याचे. दिवसा सिनेमात वाजवायचे, रात्री हॉटेलात. आणि नोटेशन शिकलेले कुठे, तर गावच्या चर्चच्या शाळेत! कॅबरेतला तो चावट ट्रम्पेट मुळात प्रार्थनेच्या वर्गातला आहे, हे ऐकून खजिनदारांनी ‘कौटुंबिक’ शब्दाखाली आणखी एक रेघ ओढली. पडद्यावर नाचले ते भगवानदादा. नाच येत नसणाऱ्या साऱ्या महाराष्ट्राला त्यांनी नाचायची सोय करून दिली. वरातीत आणि विसर्जनात आजही निम्मे पुरुष भगवानदादांच्याच जिवावर उभे असतात.

पण त्याच चितळकरांचं नाव काढा, लोकांना आठवतं १९६३ साली दिल्लीत पंडित नेहरूंच्या डोळ्यांत पाणी आणणारं गाणं. ज्यांनी देश नाचवला त्यांची आठवण देश रडून काढतो. आशाबाईंचंही तेच. ‘कारवाँ’च्या गाण्याला सिनेमावाल्यांनी फिल्मफेअर दिलं; सरकारनं राष्ट्रीय पुरस्कार दिला तो ‘उमराव जान’ आणि ‘इजाज़त’ला. दोन्ही सिनेमांत शेवटी सगळे उदास. सरकारही बहुधा कमरेच्या खाली ठेका उतरू देत नाही.

मग तालमी. ‘कारवाँ’चं गाणं काकूंनीच मागून घेतलं. दुप्पट वेगाच्या प्रकरणानंतर त्या पेटल्या होत्या. काकू किराणा घराण्याच्या. एकाच सुरावर बसल्या की घरचा कुकर तीन शिट्ट्या देऊन थंड होतो. त्यांचा सूर पक्का होता, अडचण उसाशांची होती. त्या गाण्यात जागोजागी धाप लागल्याचे आवाज आहेत. काकूंनी त्यांचा रियाज जिन्यात सुरू केला, कारण तिथं घुमतं. पहिल्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरचे जोशी धावत इनहेलर घेऊन आले. दुसऱ्या दिवशी कुणीतरी लिफ्टच्या दुरुस्तीवाल्याला फोन करून झापलं, की म्हाताऱ्या माणसांना चार मजले चढायला लावता, लाज वाटत नाही का.

पुरुषाचा आवाज सेक्रेटरींकडे. त्यांना फक्त मधून मधून नर्तिकेला नावानं हाक मारायची होती. आर. डी. बर्मननी ती स्वतः मारली आहे आणि ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. सेक्रेटरी महापालिकेतून निवृत्त. शाळेत हजेरी घेतात तशी त्यांनी हाक मारली आणि उत्तर येईपर्यंत थांबले. काकू नकळत “हजर” म्हणाल्या.

“थोडं प्रेमानं,” मास्तर म्हणाले.

“बायको समोर बसलीय,” सेक्रेटरी म्हणाले.

वाद्यवृंद परवडणार नव्हता, म्हणून कराओके. गंमत म्हणजे ज्या १९७१ मध्ये ‘कारवाँ’ आला त्याच साली जपानमध्ये कोबेच्या दाइसुके इनोऊए यांनी कराओकेचं यंत्र बनवलं. त्यांनी पेटंट घेतलं नाही. २००४ साली त्यांना इग नोबेल मिळालं, तेही शांततेचं, कारण माणसांनी एकमेकांना सहन कसं करावं हे शिकण्याचा नवाच मार्ग त्यांनी दिला. आमची एक तालीम ऐकणाऱ्याला हे पारितोषिक थट्टेचं आहे असं वाटलं नसतं.

कोजागिरीला गच्चीचं वॉटरप्रूफिंग निघालं, त्यामुळे चंद्र वगळून कार्यक्रम पार्किंगमध्ये झाला. काकू पैठणी नेसून आल्या. “पिसं हवीत ना हेलनसारखी?” त्या म्हणाल्या आणि पदर पसरला. “हे घ्या. चार मोर आहेत.” मी आनंदावरचं सात पानी निवेदन सुरू केलं. तिसऱ्या पानावर, गंधाराच्या अंतराशी, पहिल्या रांगेतून आवाज आला, “ते आनंदाचं नंतर. आधी गाणं लावा.”

ट्रॅक बी विंगच्या आजींच्या नातवाच्या फोनवर होता आणि फोन ब्लूटूथनं स्पीकरला जोडलेला. गाणं सुरू झालं. काकू सुरात, सेक्रेटरी वेळेवर. पहिल्या कडव्यानंतर उसासे आले. काकूंनी जीव ओतला. आणि बरोबर तेव्हाच ट्रॅक थांबला आणि दोन्ही स्पीकरमधून न्यू जर्सी बोलू लागलं. “हॅलो? आज कोजागिरी ना? आई रडत नाहीये ना? हॅलो... अरे, हे धापा कोण टाकतंय? आई? आईला काय झालं? बसवा तिला! ॲम्ब्युलन्स बोलवा!”

काकूंना एकदा लागलेली लय सोडता येत नाही. त्यांनी पुढचाही उसासा घेतला.

“अरे, वाढतंय ते!” न्यू जर्सी ओरडलं.

सेक्रेटरींनी, बहुधा परिस्थिती हाताळण्याच्या जुन्या सवयीनं, नर्तिकेला हाक मारली.

“आता ही कोण? नर्स का?”

आजी उठल्या. त्यांनी काकूंच्या हातातला माईक घेतला आणि म्हणाल्या, “मी बरी आहे. टाळ्या वाजवतेय. मग बोलते.” आणि फोन कसा बंद करायचा ते माहीत नसल्यामुळे त्या खरंच टाळ्या वाजवू लागल्या. मग सगळेच. ट्रॅक परत आलाच नाही. नातू फोनशी झटत राहिला, काकू टाळ्यांवर गात राहिल्या, किराण्याच्या बाईनं तार सप्तकात जे काही केलं त्याला घराणं नव्हतं. आजोबांनी एक हात कमरेवर ठेवून भगवानदादांची पावलं टाकली. खजिनदारांनी आजोबांना धरायला म्हणून हात पुढे केला आणि मग तेही दोन पावलं टाकून आले. न्यू जर्सीहून अधूनमधून “हॅलो” येत होतं. तेही पुढे ठेक्यात येऊ लागलं. कोमल असो वा शुद्ध, गंधारानं कुणाचंही काही बिघडवलं नाही. मास्तरांचा पाय हलत होता. त्यांनी तो शालीखाली घेतला होता, पण शाल हलत होती.

चार दिवसांनी आढावा बैठक झाली. सेक्रेटरींनी विचारलं, “कार्यक्रम कसा झाला?”

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग प्राध्यापक म्हणाले, “मजा आली, यात वाद नाही. पण कार्यक्रम संपल्यावर मनात काही उरलं का?”

“तेच म्हणते मी,” बी विंगच्या आजी म्हणाल्या. “इतकी हसले की काही जाणवलंच नाही.”

“लहान मुलांनीही दाद दिली,” मास्तर खिन्न होऊन म्हणाले. “म्हणजे पातळी लक्षात घ्या.”

“दूध उरलं,” खजिनदारांनी आकडा सांगितला. “लोक प्यायला बसलेच नाहीत. दुःखी माणूस दोन कप घेतो.”

काकूंचा घसा अजून बसलेला होता. त्यांनी कागदावर लिहून दिलं, “पुढच्या वर्षी काहीतरी दर्जेदार.”

पुढच्या कोजागिरीला ‘विरहाच्या छाया’ हा कार्यक्रम ठेवावा, असा ठराव प्राध्यापकांनी मांडला. अनुमोदन मी दिलं. माझ्याकडे त्याचं निवेदन तयारच होतं. “सर्वांना मान्य?” सेक्रेटरींनी विचारलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आजोबांनी सुरुवात केली, आजींनी उचलली, आणि ठराव मंजूर होऊन गेल्यावरही टाळ्या थांबेनात, कारण त्या ‘कारवाँ’च्या ठेक्यात पडत होत्या आणि मधली जागा येताच सेक्रेटरींच्या तोंडून हाक गेली. या वेळी अगदी प्रेमानं. त्यांची बायको समितीत नाही.